सकाळचं डोकं

“हे कोणतं अक्षर, हौसाबाई?”

“म.”

“नीट बघा. वरची रेघ तुटलीये ना?”

“तुटलीय. मग भ.”

“बरोबर. आणि हे?” मालतीबाईंनी खडू शेजारच्या अक्षरावर टेकवला.

हौसाने डोळे ताणून फळ्याकडे पाहिलं. समाजमंदिरातल्या एकुलत्या पिवळ्या बल्बच्या उजेडात अक्षरं खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांसारखी इकडून तिकडे उड्या मारत होती. एक धरावं तर दुसरं निसटत होतं.

“भ,” ती म्हणाली.

तो म होता. बायका हसल्या, पण ते हसणंही अर्धवटच होतं, कारण निम्म्या जणी भिंतीला टेकून पेंगत होत्या. म्हातारी ठमाबाई तर पाटी छातीशी धरून चक्क घोरत होती. शेजारी बसलेल्या जनीने हौसाला कोपराने ढोसलं.

“अगो, आताच तर सांगितला बाईनं.”

“सांगितला. ऱ्हातच नाय तर काय करू?” हौसा म्हणाली आणि तिने पाटी पालथी घातली.

जिते स्टेशनवर उतरून खाडीच्या दिशेने चालत गेलं की आधी खाऱ्या चिखलाची खाजणं लागतात, मग मिठागरं, आणि मिठागरांच्या कडेला हौसाचं गाव. साक्षरतेचं अभियान त्या वर्षी जिल्ह्यात जोरात होतं. पेणच्या शाळेत नव्याने लागलेल्या मालतीबाई या गावचा वर्ग चालवायला रोज संध्याकाळच्या एसटीने यायच्या. वर्ग रात्रीच्या जेवणानंतर, कारण बायका तेव्हा मोकळ्या असतात, असं वरून ठरून आलं होतं. मोकळ्या असायच्या खऱ्या. पण त्या आधी अंधारातच उठून मिठागरावर गेलेल्या, ऊन चढेपर्यंत ओलं मीठ डोक्यावरून राशीला वाहिलेलं, घरी येऊन रांधलेलं, पाणी भरलेलं, उन्हं कलल्यावर पुन्हा मिठागरावर गेलेल्या, परत येऊन पुन्हा रांधलेलं. त्यानंतर म आणि भ.

हौसाला स्वतःच्या मठ्ठपणाचं नवल नव्हतं. लहानपणी बापाने तिला शाळेत घातलं होतं. शाळा दुपारची. सकाळभर आईबरोबर मिठागरावर आणि दुपारी वर्गात. मांडी घालून बसली की तिचे डोळे मिटायचे. गुरुजींनी तिला खूपदा उभं केलं, मग कोपऱ्यात बसवलं, आणि शेवटी बापाला बोलावून सांगितलं, की पोरगी स्वभावाने चांगली आहे पण हिला डोकं नाही. बापाने मान हलवली. हौसानेही ते मनात ठेवलं, जसं आपण सावळ्या आहोत, उंच आहोत, हे ठेवतात तसं. पुढे तिचं लग्न रघूशी झालं. रघू सातवी पास. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत त्याला नोकरी लागली, तेव्हा तर घरात कोणाला डोकं आहे आणि कोणाला नाही हे कायमचंच ठरून गेलं. रेशनकार्ड, लाईटचं बिल, लेकीची, सरूची शाळा, सगळं रघू बघायचा. हौसा मीठ वाहायची.

वर्गाला ती आली ती मालतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या म्हणून. एवढी शिकलेली पोर दारात येते, तिला नाही कसं म्हणायचं? पण त्या रात्री समाजमंदिरातून घरी जाताना तिने ठरवलं, की आता पुरे. बाईंचा खडू उगाच झिजतो.

रघूला त्या आठवड्यात रात्रपाळी होती. नवरा-बायकोची गाठ पडायचीच नाही. तो संध्याकाळच्या गाडीने रोह्याला जायचा, सकाळच्या गाडीने परत यायचा, आणि तो येईपर्यंत ती मिठागरावर गेलेली असायची. दुपारी ती घरी आली की तो तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला. पण दुसऱ्या दिवशी मिठागरावर तिच्या तळपायात शिंपला घुसला. रक्त थांबेना, म्हणून मुकादमाने तिला घरी पाठवलं.

लंगडत ती अंगणात आली तर रघू ओट्यावर बसलेला. एक चप्पल पायात, दुसरी बाजूला.

“चावी कुठं ठेवलीस गो?” त्याने विचारलं. “कवापासून शोधतोय.”

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. चावी त्याच्याच उजव्या हातात होती.

तिने ती काढून घेतली, दार उघडलं आणि पायाला हळद बांधायला बसली. रघू आत येऊन भिंतीला टेकला.

“सरू उठली नाय अजून?”

आता मात्र हौसाच्या हातातली चिंधी थांबली. “अवो, सरूला कोलाडला देऊन वरीस झालं. काय बोलताव?”

रघू तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने दोन्ही तळहातांनी तोंड चोळलं आणि खजील होऊन हसला.

“दारू पितलीस काय?” तिने विचारलं. एरवी ती त्याला अहोजाहो करायची, पण त्या क्षणी तिला तो सरूच्या वयाचा वाटला.

“थेंब नाय घेतला. रातपाली संपली की असं व्हतं. सगल्यांचंच व्हतं.” तो भिंतीवरून सरकून खाली बसला. “तुना सांगितला नाय मी. आज पहाटे भलताच व्हॉल्व फिरवायला गेलो. जो इतकी वर्सं डोले झाकून फिरवतो, त्याच्याच बाजूचा. पालीतल्या पुंडलिकनं हात धरला म्हनून.”

“नायतर?”

“नायतर काय नाय,” तो म्हणाला, पण त्याचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

हौसाला हे ऐकून धक्का बसला. रघूचं डोकं म्हणजे घरातली सगळ्यात भरवशाची वस्तू.

“मग डाक्टरला दाखवाला नको? डोकं बिघडलं काय तुमचं?”

“डोकं नाय बिघडलं. येल बिघडलीय. त्या येलेला डोकं झोपलेलं असतं, आनि आपन नुसतेच उभे असताव. त्याला किती हाका मारशील? दिवसपालीला बघ मना. फटाफट.” बोलता बोलताच तो आडवा झाला आणि पुढचा शब्द अर्धा राहिला.

हौसा पाय बांधून तशीच बसून राहिली. सातवी पास माणूस हातातली चावी शोधतो, पोटच्या पोरीचं लग्न विसरतो, आणि तरी त्याला कोणी मठ्ठ म्हणत नाही. म्हणतात, पाळी होती. मग आपल्याला कोणी कधी विचारलं, की बाई, तुझी पाळी कुठली?

ती आठवू लागली. सकाळी मिठागरावर ती कशी असते? बायका गाणं विसरल्या की पुढचं कडवं तीच सांगते. कोणाच्या घरी कधी काय झालं, कोणाची कितवी पोर, कुठला बांध कोणत्या उधाणाला फुटला होता, हे सगळं तिला विचारतात. मुकादमसुद्धा. तिथे तिला कधीच कोणी डोकं नाही म्हणालेलं नव्हतं. आणि रात्री? रात्री ती भाजीत दोनदा मीठ घालते.

दुसऱ्या दिवशी पायाला चिंधी गुंडाळून ती मिठागरावर गेली. दिवस वर आला, बायका भाकरी सोडायला बांधावर बसल्या. हौसा त्यांच्यापासून जरा लांब, वाफ्याच्या कडेला ओल्या चिखलाजवळ उकिडवी बसली. तिने एक काटकी उचलली. मनात परवा रात्रीचा फळा आणला. तिला वाटलं होतं काहीच येणार नाही. पण तो फळा सगळाच्या सगळा आला, बाईंच्या बांगडीच्या आवाजासकट. म. भ. त्याच्या खाली घ आणि ध, ज्यांचा तिने रोज घोळ घातला होता. तिने ते चारही काढले. मग बाईंनी पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला पाटीवर लिहून दिलेलं तिचं नाव. ह, त्याच्यावर दोन मात्रा आणि काना. स आणि त्याला काना.

चिखलात ‘हौसा’ असं लिहिलेलं होतं. थोडं तिरकं, पण ती हौसाच होती.

तिने कोणाला हाक मारली नाही. भाकरी न खाताच ती तिथे बसून राहिली, आणि तिला लहानपणीचे ते गुरुजी आठवले. त्यांच्यावर राग आला नाही. फक्त वाटलं, की एवढंच होतं होय.

संध्याकाळी एसटीतून मालतीबाई उतरल्या तेव्हा हौसा थांब्यावर उभी होती.

“बाई, रातच्याला शिकवू नका आमाला.”

मालतीबाईंचा चेहरा उतरला. “वर्ग सोडताय का हौसाबाई?”

“सोडत नाय. सकाली शिकवा.”

“पण सकाळी तुम्ही कामावर असता. रात्री मोकळ्या असता म्हणून तर ही वेळ ठेवली.”

“मोकल्या असताव, बाई. जाग्या नसताव.”

मालतीबाई गावाच्या दिशेने चालू लागल्या. त्या पेणच्या जुन्या जमीनदार घरातल्या. जमिनी कधीच गेल्या होत्या आणि आता घरात सगळे मास्तरच होते. शिकवायचं कसं यावर त्यांच्या घरी जेवताना वाद चालायचे, पण कधी शिकवायचं याबद्दल कोणी बोलल्याचं त्यांना आठवेना. थोडं पुढे चालून गेल्यावर त्या हसल्या.

“मी रात्री वह्या तपासते ना, त्या सकाळी परत तपासाव्या लागतात मला. बरोबर उत्तरावर फुली मारलेली असते.”

“मग?”

“मग काय. पण सकाळी कुठे बसणार आपण?”

“भाकरीला बसताव ना आमी, बांधावर. त्या येलेला या.”

“आणि फळा?”

“चिखल हाय की.”

त्यानंतर मालतीबाई पहिल्या एसटीने येऊ लागल्या. वर्ग संपवून त्या पळतपळत परतीची गाडी धरायच्या आणि साडीच्या काठाला चिखल घेऊनच पेणच्या शाळेत शिरायच्या. इकडे बांधावर भाकरीबरोबर अक्षरं सुरू झाली. ज्या बायका रात्री भिंतीला टेकून पेंगायच्या त्याच आता एकमेकींच्या चुका काढायला लागल्या. ठमाबाई, जी वर्गात फक्त घोरली होती, तिला सगळ्यांत आधी काना-मात्रा कळल्या आणि ती ते रोज सगळ्यांना ऐकवायची. जनी वात्रट, तिने मुकादमाचं नाव चिखलात मोठ्ठं लिहून त्यावरून मिठाची पाटी घेऊन चालत जायचा खेळ काढला. हौसा सगळ्यांच्या पुढे गेली. तिला जोडाक्षरं आवडायची. एक अक्षर दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून चाललंय असं तिला वाटायचं.

अभियानाचं तालुक्याचं काम हैबतराव नावाचे साहेब बघायचे. एका रात्री ते तपासणीला आले तर समाजमंदिराला कुलूप. त्यांनी मालतीबाईंना पेणला बोलावून घेतलं. बांधावर वर्ग भरतो हे ऐकून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. पुढे वर्गाची परीक्षा झाली. ती मालतीबाईंनी हट्टाने सकाळची ठेवून घेतली होती. बायका उत्तम मार्कांनी पास झाल्या आणि तेच साहेबांना खटकलं. रात्री कुलूप असलेल्या वर्गाचा असा निकाल कसा लागतो? उत्तरं बाईंनीच लिहिली असणार, असं ते उघड म्हणाले नाहीत. पण मालतीबाईंना ते कळलं, आणि त्यांच्याकडून हौसाला.

पेणला पास झालेल्यांचा सत्कार ठेवला होता. संध्याकाळी. पाहुणे अलिबागहून येणार होते, ते उशिरा आले. भाषणं लांबली. पहिल्या रांगांत बसलेल्या बायका नव्या लुगड्यांत ताठ बसल्या होत्या, आणि त्या लुगड्यांच्या आत प्रत्येकीचा पहाटेपासूनचा दिवस होता. रघूला रात्रपाळी होती. तो येऊ शकला नव्हता.

हैबतराव माईकवर आले आणि म्हणाले, “आता मिठागरावरच्या वर्गातल्या हौसाबाई आपल्याला एक धडा वाचून दाखवतील.”

हे ठरलेलं नव्हतं. मालतीबाई अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. हौसा पायऱ्या चढून वर गेली. तिच्या हातात पुस्तक दिलं गेलं, गावच्या बायका मिळून विहीर साफ करतात तो धडा उघडून. तिने पाहिलं. स्टेजवरचे दिवे डोळ्यांत येत होते. अक्षरं पुन्हा निवटे झाली. एकही जागेवर थांबेना.

खालून जनी कुजबुजली, “अगो, पाठ हाय ना तुना? बोल की.”

पाठ होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पुस्तकावर बोट फिरवत ती घडाघडा म्हणाली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मालतीबाईंची मान वर राहिली असती, टाळ्या पडल्या असत्या आणि सगळे जेवायला गेले असते. हौसाने एकदा बाईंकडे पाहिलं. मग तिने पुस्तक मिटलं.

“सायेब,” ती म्हणाली. माईकमुळे तिचा आवाज तिलाच परका वाटला. “हा धडा मना तोंडपाठ हाय. पुस्तक उलटं धरलं तरी म्हनेन. पर ते वाचनं नाय. आता माजी येल नाय. मी अंधारातशी उठलेली हाय, डोले मिटत्यात. उद्या सकाली मिठागरावर या. तुमाला वाटंल ते आना. मी वाचून दाखवीन.”

मागच्या रांगांत कोणीतरी हसलं. हैबतराव हसले नाहीत. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हौसा पुस्तक टेबलावर ठेवून पायऱ्या उतरली. ती मालतीबाईंच्या शेजारी येऊन बसली. बाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

सकाळी ऊन तापायच्या आत बांधाच्या टोकाला जीप थांबली. हैबतराव एकटेच उतरले. दाढी केलेली नव्हती. मिठाच्या लखलखाटाने डोळे बारीक करत ते बांधावरून जपून चालत आले. त्यांच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं, अजून घडी न मोडलेलं.

“हौसाबाई कोण? काल दिव्यात चेहरा नीट दिसला नाही,” ते म्हणाले.

हौसाने डोक्यावरची पाटी राशीवर रिकामी केली, हात लुगड्याला पुसले आणि वर्तमानपत्र घेतलं. साहेबांनी पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बायका आपापल्या पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“कोकण,” तिने वाचलं. “कि-ना-र-प-ट्टी-वर. किनारपट्टीवर. येत्या दोन दिवसांत. उष्मा. वाढण्याची. श-क्य-ता.” ती थांबली, वर पाहिलं. “हे तर आमाला ठावच हाय.”

हैबतराव पहिल्यांदाच हसले. “पुढे वाचा.”

तिने पुढे वाचलं. अडखळली तिथे मागे गेली, अक्षराच्या खांद्यावरचा हात शोधला आणि पुन्हा पुढे आली. बातमी संपली तेव्हा साहेब खाली बघत होते.

“बाई केव्हा येतात?” त्यांनी विचारलं.

“येतीलच. पयल्या गाडीनं.”

“मी थांबतो,” ते म्हणाले. “मला त्यांच्याशी बोलायचंय.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “बाकीच्या गावांतल्या बायकाही पहाटेच उठत असतील, नाही?”

उत्तर त्यांचं त्यांना मिळालेलं होतं. साहेब बाईंची वाट बघायला जीपकडे परत गेले, वर्तमानपत्र मात्र तिच्याच हातात राहिलं.

तेवढ्यात स्टेशनच्या वाटेने रघू येताना दिसला. खांद्याला डब्याची पिशवी, चालणं जरा तिरकं. तो घराकडे न वळता सरळ बांधावर आला.

“गाडीत कलला मना,” तो म्हणाला. “काल पेनला तू काय बोललीस ते. डब्यात सगले तेच बोलत व्हते.” त्याचे डोळे लाल होते. “आता मना ऐकव.”

“घरी जा, झोपा आधी. दुपारी ऐकवते.”

“दुपारी तुना जमत नाय,” रघू म्हणाला आणि मिठाच्या राशीला पाठ टेकून खाली बसला. “आताच वाच. मी ऐकतोय.”

हौसाने वर्तमानपत्र उघडलं. या वेळी तिने कोपऱ्यातली बातमी घेतली नाही. वरून सुरुवात केली, मोठ्या अक्षरांपासून. वाचताना तिला वाटलं, आपला आवाज चांगला आहे. लग्न झाल्यापासून हा माणूस आपल्याला काहीतरी वाचून दाखवत आलेला आहे, बिलं, पावत्या, सरूच्या शाळेतला निकाल. आज पहिल्यांदाच तो ऐकतोय.

दुसऱ्या ओळीला रघूने हुंकार दिला. चौथ्या ओळीला दिला नाही. त्याची हनुवटी छातीवर आली होती आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं.

“अगो, झोपला तो,” जनी म्हणाली. “कुनाला वाचतेस आता?”

हौसा उठून उन्हाच्या बाजूला उभी राहिली, आपली सावली त्याच्या तोंडावर पडेल अशी. मग आवाज थोडा खाली आणून तिने पुढची ओळ वाचायला घेतली.